पारूची रात्र भरायची : प्रकल्प नोंदी

2 जानेवारी 2025

पौष लागलाय, लग्नं नाहीत, तात्यांची घोडी महिनाभर रिकामी, म्हणून म्हटलं काय करायचं ते आत्ताच करूया, माघ लागला की परत वराती सुरू आणि मग कुणाला वेळ नसतो. प्रकल्प म्हणजे काय मोठं नाही, पारूच्या पोटाचं बघायचं.

पारू नऊ वर्षांची, पांढरी, अंगानं आटोपशीर. निपाणीच्या आसपासच्या गावांत निम्मे नवरदेव हिच्याच पाठीवरनं गेलेत असं तात्या सांगतात, त्यातलं निम्मं सोडून देऊया. दिवाळीपासनं तिचं कायतरी बिनसलंय. तोबरा (तोंडाला बांधायची खुराकाची पिशवी) लावला की चार घास खाते आणि मान झाडते, भरडा तसाच राहतो, पण कडबा टाकला की खाते. खाऊन झालं की थोडा वेळ पुढच्या पायानं जमीन उकरते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की कान मागं टाकून चावायला येते, आधी असली खोडी नव्हती. दात करकर वाजवते. अंगावरची चकाकी गेलीय, बरगड्या हाताला लागतात. तात्यांचं निदान ठरलेलं, "उष्णता झालीया." त्यावर सब्जा झाला, ताक झालं, चमचाभर तूप झालं. फरक शून्य.

आज डॉक्टर आले. त्यांनी आधी दात तपासले, दाढांना टोक आलंय का बघितलं, जंतांसाठी लीद तपासायला घेतली, टेंपरेचर घेतलं. सगळं बघून म्हणाले जठरात अल्सर असायची शक्यता दाट आहे, पण खात्री करायची तर तीन मीटर लांबीचा एंडोस्कोप नाकातनं पोटापर्यंत घालून बघावं लागतं, त्याआधी जनावर सोळा तास उपाशी ठेवावं लागतं, आणि तसला स्कोप आपल्या भागात नाही. म्हणजे आपण औषध आणि चारा बदलून बघायचं, फरक पडला तर अल्सर होता असं धरायचं. जाताना गाडीच्या काचेतनं म्हणाले, "होट्टे खाली इरबारदु, तात्या. पोट रिकामं ठेवायचं नाही, बास."

तात्यांनी मान हलवली. डॉक्टरांसमोर ते नेहमीच हलवतात.

4 जानेवारी

दोन रात्री वाचत बसलो होतो. जे कळलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवतो म्हणजे तात्यांना समजावता येईल.

घोड्याचं जठर अंगाच्या मानानं फारच लहान. मोठ्या घोड्याचंसुद्धा 8 ते 15 लिटरचं. गाईच्या नुसत्या पहिल्या कप्प्यात शंभर लिटरच्या वर मावतं, म्हणून ती भरभर गिळून मग सावलीत बसून रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही. त्याची रचनाच अशी की दिवसरात्र थोडं थोडं चरत राहायचं, मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. त्यामुळं त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास सुटत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी, मोठ्या घोड्यात तासाला दीड लिटरच्या आसपास. आपल्या तोंडाला जेवणाच्या वासानंसुद्धा पाणी सुटतं, घोड्याची लाळ फक्त चावताना सुटते. ती लाळच आम्ल मारते, तिच्यात सोड्यासारखा क्षार असतो. चावणं बंद म्हणजे लाळ बंद, आम्ल मात्र चालूच.

दुसरं असं की जठराचे दोन भाग. खालच्या भागाला चिकट अस्तर आहे, तिथं आम्ल तयार होतं आणि ते सोसायची सोयही आहे. वरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला ते अस्तर नाही, तिथलं कातडं अन्ननलिकेसारखं. पोटात चारा असला की त्याचा थर आम्लावर तरंगतो, पोट रिकामं असताना घोडा पळवला की पोट आतनं दाबलं जातं आणि आम्ल वर उडतं, जिथं जायला नको तिथं. 2015 पासनं युरोपातले डॉक्टर या दोन भागांतले अल्सर दोन वेगळे आजार म्हणूनच धरतात कारण कारणं वेगळी, औषधंही थोडी वेगळी.

हे सगळं तात्यांना सांगितलं. शेवटी म्हणाले, "म्हंजी उष्णताच की."

5 जानेवारी

आजचा दिवस मोजमापाचा. वजनकाटा नाही, ऊस भरायच्या काट्यावर घोडी न्यायची आयडिया तात्यांनीच मोडीत काढली, म्हणून शिंप्याची टेप. छातीचा घेर 152 सेमी, खांद्याच्या टोकापासनं ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 142. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11880, आले 276 किलो. अंदाजच आहे पण पुढच्या वेळी त्याच टेपनं मोजलं तर फरक कळेल.

मग दिवसभरात काय पडतं ते तागडीवर. सकाळी साडेसहाला दीड किलो खुराक (मक्याचा भरडा आणि हरभरा), दहाला एक पेंढी कडबा, दुपारी उसाचं वाडं सहा-सात किलो कारण सध्या तोड चालू आहे आणि फुकट मिळतंय, संध्याकाळी सातला परत दीड किलो खुराक, आठला दोन पेंढ्या कडबा. पेंढी सव्वा किलोच्या आतबाहेर. सकाळी गोठ्यातनं चघाळ गोळा करून मोजलं तर सव्वा किलोच्या जवळ, म्हणजे कडब्याचा तिसरा हिस्सा तुडवून टाकते, जाड ताटं खातच नाही. वाड्यातलं पाणी वजा करून हिशेब केला तर सुका चारा साडेचार किलोच्या आसपास पोटात जातो. वजनाच्या दीड टक्का म्हणजे 4.1 किलो हे अगदी किमान, दोन टक्के म्हणजे साडेपाच किलो पाहिजे. अगदीच उपाशी आहे असं नाही.

खुराकाचा हिशेब मात्र बघण्यासारखा निघाला. पिठूळ पदार्थ म्हणजे स्टार्च, दिवसाला घोड्याच्या वजनाच्या किलोमागं 2 ग्रॅमच्या आत ठेवायचा आणि एका वेळी 1 ग्रॅमच्या आत. पारूला म्हणजे दिवसाला साधारण 550 ग्रॅम. मक्यात तो 65 टक्क्यांच्या घरात, हरभऱ्यात 40. दोन किलो मका आणि एक किलो हरभरा, गुणाकार करा, 1700 ग्रॅम. तिप्पट! आणि हे सगळं रोज एक तास चालणाऱ्या घोडीला. तात्यांच्या वडिलांच्या काळात टांगा होता, दिवसाला पंधरा मैल पळायचा, खुराकाचं माप तेव्हाचं, ते तसंच राहिलंय.

8 जानेवारी

औषध आलं, आजपासनं पहिला दिवस. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलची घोड्याची पेस्ट, डॉक्टरांनी मागवून दिली, सिरिंजच्या दांड्यावर किलोच्या खुणा असतात, कडी फिरवून वजनावर आणायची आणि जिभेच्या मागं सोडायची. किलोला 4 मिलिग्रॅम, दिवसातनं एकदा, 28 दिवस.

इथं आमची एक चूक कबूल करून टाकतो. डिसेंबरात माझ्याच सांगण्यावरनं तात्यांनी मेडिकलमधनं माणसांच्या ओमेप्राझोलच्या कॅप्सूल आणल्या होत्या, रोज चार, फोडून आतले दाणे खलबत्त्यात कुटून गुळात घालून दिल्या. डॉक्टर हसले नाहीत हे त्यांचे उपकार. एक तर 276 किलोला 1100 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे 20 च्या पंचावन्न कॅप्सूल, आम्ही दिल्या चार. दुसरं म्हणजे ते औषध आम्लातच मरतं म्हणून दाण्यांवर लेप असतो, आणि आम्ही नेमका तोच कुटून काढला. पंधरा दिवस घोडीला नुसता गूळ मिळाला.

अजून एक पेच आहे. पेस्ट रिकाम्या पोटी लागू पडते आणि आमचा सगळा प्रकल्प पोट रिकामं न ठेवण्याचा. डॉक्टरांनी मधला रस्ता सांगितला, पहाटे पाचला चारा काढून घ्यायचा, सहाला पेस्ट, पावणेसातला परत चारा. म्हणजे रोज पाचला उठणार कोण? मी वर्क फ्रॉम होम, माझ्यावर आलं.

10 जानेवारी

जुना मोबाईल गोठ्याच्या तुळईला बांधला, रात्रभर रेकॉर्डिंग. सकाळी फास्ट करून बघितलं.

आठला कडबा टाकला. 10:40 ला शेवटचं पान संपलं. त्यानंतर घोडी नुसती उभी. साडेअकराला दावणीचं लाकूड चाटत होती. एकला जमिनीवरचं चघाळ नाकानं उलटसुलट केलं, काही मिळालं नाही. दोनला दात करकर, मोबाईलला आवाजसुद्धा आलाय. तीन ते पावणेचार झोपली. मग साडेसहापर्यंत दाराकडं तोंड करून उभी.

10:40 ते 6:30, जवळजवळ आठ तास. आणि हा पौषातला आरामाचा दिवस. वरातीच्या रात्री तर दुपारी चारला खाल्लेली घोडी रात्री दोनला गोठ्यात येते आणि तात्या दमलेले असतात, बांधतात आणि झोपतात.

मापात पाप होतं थोडं, पण खरं पाप वेळेत होतं. आता ठरलं, एकच आकडा धरायचा, चारा किती वाजता संपतो.

14 जानेवारी

संक्रांत. आईनं पारूला तिळगूळ दिला, एकच, मी काही बोललो नाही. चार पेंढ्या टाकल्या तर 11:50 ला संपल्या, नुसतं वाढवून भागत नाही, समोर आहे तोवर भराभर उपसते आणि तुडवते.

17 जानेवारी

बादलीनं दोन वेळा पाणी दाखवायची पद्धत बंद. निळं बॅरल अर्धं कापून कड घासून बसवलं, चोवीस तास पाणी. डेन्मार्कमध्ये 201 घोड्यांचा एक अभ्यास 2009 ला छापून आलाय, त्यात चाऱ्यांमधला सहा तासांच्या वरचा खंड, जास्त स्टार्च, नुसत्या काडावर ठेवणं आणि मोकळं सोडलेल्या जागी पाणी नसणं, या सगळ्यांचा अल्सरशी संबंध दिसला. चारीच्या चारी आमच्या गोठ्यात हजर होते.

19 जानेवारी

जाळीचा प्रयोग. बाहेर देशांत लोक बारीक भोकाची जाळी वापरतात, चारा आत भरून टांगायचा, घोड्याला ओठांनी एकेक काडी ओढून काढावी लागते. चार सेंटीमीटर भोकाची नायलॉनची जाळी आणली. कडब्याची ताटं त्यातनं येईनात, घोडी वैतागली, जाळीसकट ओढायला लागली. मग कुट्टी करून भरली, ती भोकातनं गळून खाली ढीग. मग खानापूरकडचं वाळकं गवत एका ट्रॅक्टरवाल्याकडनं मिळालं, ते मऊ आणि लांब, ते बरोबर बसलं. साडेतीन किलो गवत जाळीत, 1:35 ला संपलं. उड्या मारल्या मी.

20 जानेवारी

उड्या एक दिवस लवकर मारल्या. रात्री जाळी रिकामी होऊन खाली लोंबली आणि पारूनं पाय आपटताना नाल त्यात अडकली. नशीब मी पाचला गेलो. तीन पायांवर उभी, घामाघूम, पण हिसके दिले नव्हते. विळ्यानं जाळी कापली. पायाला खरचटलंय, तात्या दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत आणि ते बरोबरच होतं.

24 जानेवारी

खोकं तयार झालं. वखारीतलं तंबाखूचं जुनं लाकडी खोकं तात्यांच्या मित्राकडे पडलं होतं, ते धुऊन चार दिवस उन्हात टाकलं कारण वास जाईना (निपाणीत कशाला वास नाही म्हणा), सुतारानं कडा गोल केल्या, तळाला पाणी निथळायला भोकं. आत चारा भरायचा, वर लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली तीच जाळी, चौकट आतल्या बाजूनं खाली सरकते, चारा कमी होईल तशी तीही खाली जाते. पाय अडकायचा प्रश्न नाही, मान खाली घालून चरल्यासारखं खाते ते वेगळंच. लोखंडी जाळी मुद्दाम टाळली, दात झिजतात.

कडब्याची कुट्टी वेगळ्या घमेल्यात, त्यात वेदगंगेतले वाटीएवढे गुळगुळीत धोंडे टाकलेत, बाजूला सारत सारत खावं लागतं. मशीनची पाती एक इंचावर होती ती दोन इंचावर घेतली, फार बारीक कुट्टी न चावता गिळली जाते आणि चावलं नाही तर लाळ नाही.

आजची वेळ 2:50.

30 जानेवारी

खुराक गेल्या दहा दिवसांत थोडा थोडा उतरवत आणला, एकदम तोडला तर आतड्यातलं बिघडतं. मका बंद. भिजवलेला हरभरा अर्धा किलो तीन वेळांत वाटून, गव्हाचा कोंडा 300 ग्रॅम, घाण्यावरचं शेंगतेल 50 मिली, मीठ. तेल मुख्यतः ताकदीसाठी, स्टार्च न वाढवता. लसूण घास मात्र खऱ्या कामाचा, त्यातलं कॅल्शियम आणि प्रोटीन आम्लाला आवर घालतं. शेजारच्या डेअरीवाल्या अण्णांनी रोज पाच किलो हिरवा द्यायचं कबूल केलंय, तासभर सुकवून टाकतो.

अण्णांनी गाईंच्या गोळी पेंडेचं पोतंही देऊ केलं होतं. नको म्हटलं. पशुखाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला चालतं, घोड्याचं काळीज बंद पाडतं. हे अण्णांना माहीत नव्हतं, तात्यांनाही नव्हतं, मला तरी कुठं महिन्यापूर्वी होतं. हत्ती घासही रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हाडं पोकळ होतात, कोंड्यातल्या फॉस्फरसनंही तीच तक्रार, म्हणून कोंडा मापात. कोवळी ज्वारी तर लांबच ठेवायची.

4 फेब्रुवारी

28 दिवस झाले. लिदीत जंत नव्हते हे मधेच कळलं होतं, लिहायचं राहिलं.

आज तंग आवळला. मी हळूहळू, एकेक भोक, तिच्या कानाकडं बघत. कान मागं गेले, परत पुढं आले. चावली नाही. मान वळवून माझ्या खिशाचा वास घेतला. तात्या उंबऱ्यात बसले होते, बिडी विझवून उठले आणि स्वतः येऊन परत एकदा सोडून आवळून बघितलं, माझ्या हातावर विश्वास नाही.

पेस्ट एकदम बंद करायची नाही, आम्ल उसळी मारून येतं, दोन आठवड्यांत डोस उतरवत न्यायचा.

9 फेब्रुवारी

या प्रकल्पातली सगळ्यात मोठी गोष्ट आज झाली आणि त्यात माझा काही हात नाही.

खालच्या मळ्यात ऊस गेल्यावर धनगरांची मेंढरं बसवलीत. तात्या सकाळी चहा घेऊन गेले, मी मागं. त्यांची तीन तट्टं बांधाला चरत होती, पाठीवर बिऱ्हाड लादून महिनोन्महिने चालणारी, दिसायला किरकोळ पण पोट गच्च आणि डोळा पाणीदार. तात्यांनी विचारलं ह्यांना खुराक काय. धनगरमामा म्हणाले, "खुराक कसला? मेंढरं बसली की ह्यांचे पाय बांधून सोडून देतो, रातभर चरत्यात. दाव्याला बांधून घोडं पोसायला आपण काय राजं हाय व्हय?"

"आणि पोट दुखत न्हाई?"

"रिकामं असलं तर दुखंल की."

तात्या परत येताना गप्प होते. डॉक्टरांनी सांगितलं, मी महिनाभर व्हिडिओ दाखवले, आकडे मांडले, तेव्हा नुसती मान हलली. आज संध्याकाळी स्वतःहून विचारतात, "खोकं एकच हाय काय? अजून एक कर की." राग यावा का आनंद व्हावा कळेना. खोक्याची ऑर्डर सुताराला दिली.

16 फेब्रुवारी

माघातली पहिली वरात. तयारी अशी: निघायच्या अर्धा तास आधी लसूण घास आणि कुट्टी मिळून घमेलंभर, म्हणजे पोटात थर तयार. टेंपोत गवताची पिशवी. वरात देवळापाशी थांबते तिथं दहा मिनिटं तोबऱ्यात खुराकाऐवजी कुट्टी.

डीजे इतका मोठा की माझ्याच पोटात हादरे. नवऱ्याचे मित्र नेहमीसारखे मागं लागले, घोडी नाचवा, घोडी नाचवा, पाचशेची नोट पण दाखवली. तात्यांनी नोट बघितली आणि म्हणाले घोडी आजारातनं उठलीया, तुम्हीच नाचा. तात्यांनी नोट परत केलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

रात्री 1:40 ला गोठ्यात. आधी दोन्ही खोकी भरली, मग खोगीर उतरवलं. सकाळी तोबरा पूर्ण रिकामा.

27 फेब्रुवारी

घात झाला. चार दिवस मी पुण्यात होतो. पारूचा मागचा पाय मुरगळला, पुढच्या रविवारी वरात होती, म्हणून ओळखीच्या एका घोडेवाल्यानं पांढरी पावडर दिली, सकाळ संध्याकाळ, पाय लगेच चांगला झाला. तात्या खूश. आज तोबऱ्यात चार घास खाऊन मान झाडली. तेच, दिवाळीतलं.

पाकीट मागवून बघितलं, फिनाइलब्युटाझोन. वेदनेचं औषध, घोड्यांत सर्रास वापरतात, वाईट नाही, पण जठराच्या अस्तराला जे रक्षण असतं तेच ते कमी करतं, विशेषतः डोस जास्त झाला तर. आणि डोस किती दिला? "चमचाभर." कसला चमचा? आईनं दाखवला, आमटीतला.

डॉक्टरांना फोन. पावडर बंद, वरात रद्द, सुक्राल्फेट दिवसातनं दोनदा सुरू, पेस्ट परत दोन आठवडे पूर्ण डोसनं. या वेळचा त्रास खालच्या भागातला असू शकतो, सुक्राल्फेट तिथल्या जखमेवर चिकटून बसतं. वरातीचा ॲडव्हान्स परत करताना तात्यांचं तोंड बघवत नव्हतं. मी काही बोललो नाही, जाळीचं प्रकरण माझ्या नावावर आहेच.

गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं: डॉक्टरला विचारल्याशिवाय काही नाही. तात्यांनी खाली त्यांच्या अक्षरात भर घातली: पुण्याला जायचं नाही.

14 मार्च

धुळवड. पोरांनी पारूला रंग लावू नये म्हणून तात्या दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले, स्वतःच गुलाबी झाले. तोबरा आठवडाभर रोज रिकामा येतोय.

23 मार्च

शाळूचा नवा कडबा निघालाय. सहाशे पेंढ्या घेतल्या, उभ्या पाहून, पानं हिरवट असलेल्या आणि बुंधा बारीक असलेल्या. बुरशीचा वास आलेली एकही नाही, दोन गाड्या परत पाठवल्या. माळावर गंजी रचली, वर पाचट आणि ताडपत्री. जूननंतर इथं पाऊस लागला की सुका चारा मिळणं अवघड, आणि ओला चारा लवकर संपतो, रात्र पुरत नाही. खानापूरकडचं गवत अजून दोन ट्रॅक्टर सांगून ठेवलंय.

तात्यांचं नवीन स्वप्न सुरू झालंय. अंकलीहून शितोळे सरकारांचे मानाचे घोडे ज्येष्ठात आळंदीला पायी जातात, माउलींच्या पालखीसाठी, तात्यांनी लहानपणापासनं ते बघितलेत. आता म्हणतात पारू ठणठणीत झाली की शिंगरू घ्यायचं, पांढरं नको, त्या घोड्यांसारखं. आधी पोट नीट होऊ दे म्हटलं. पुढच्या खोक्याला उंची जरा कमी ठेव म्हणाले, शिंगराला पोचली पाहिजे.

8 एप्रिल

टेप. घेर 156, लांबी तीच 142, आले 291 किलो. तीन महिन्यांत पंधरा किलो. चघाळ अर्धा किलोच्या आत. बरगड्या दिसत नाहीत, दाबल्या तर लागतात.

पेस्ट बंद होऊन दोन आठवडे. दात करकर मोबाईलमध्ये नाही. अल्सर होता हे आमच्याकडं कागदावर कधीच येणार नाही, स्कोप झालाच नाही, हे डॉक्टरांनी परत बजावलं. लक्षणं परत आली तर या वेळी स्कोप असेल तिथं नेऊ, टेंपोभाड्याचं बाजूला काढून ठेवलंय.

13 एप्रिल

सलग पाच रात्रींच्या वेळा: 4:20, 4:45, 4:10, 5:05, आणि काल संपलाच नाही, सकाळी सहाला मूठभर गवत जाळीखाली शिल्लक. काल व्हिडिओत रात्री दोनला एक माणूस लुंगीवर गोठ्यात येतो, खोक्यात हात घालून चाचपतो, अजून एक पेंढी सोडून आत भरतो, घोडीच्या मानेवर थाप मारतो आणि जातो. विचारलं तर म्हणाले लघवीला उठलो होतो.

आज मोबाईल तुळईवरनं काढला. तात्यांना आयपीएल बघायला पाहिजे.